टोरांटोत बर्फाच्या वादळानंतरची खरेदी : पहिला हिवाळा पाहणाऱ्यांसाठी

मी साताऱ्याहून टोरांटोला आलो तो जानेवारी २०२५ मध्ये. फेब्रुवारीत आठवडाभरात एकामागून एक तीन वादळं आली आणि शहरावर ५० सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला. तिसरं वादळ रविवारी, १६ तारखेला ओसरलं. सोमवारी सकाळी लख्ख ऊन. घरात दूध संपलेलं, पायात पुण्यात घेतलेले धावण्याचे बूट, अंगात तिथूनच घेतलेलं 'हेवी विंटर' जॅकेट. म्हटलं, ऊन आहे, पटकन जाऊन येऊ. अर्धा तास बसची वाट पाहिली, गुडघाभर ढिगारे चढलो-उतरलो आणि एका मॉलच्या बंद दारापाशी पोचलो. दारावर कागद चिकटवलेला : आज फॅमिली डे, सुट्टी. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार ऑन्टारिओ प्रांतात सार्वजनिक सुट्टीचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. घरी येऊन मोजे पिळले तर पाणी निघालं.

आम्ही व्हिक्टोरिया पार्क स्टेशनजवळ एका बेसमेंटमध्ये राहतो. वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या काकू आहेत, इथे तीसेक हिवाळे काढलेल्या. त्यांनी माझे लालबुंद पाय पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, दूध मी दिलं असतं की! आधी पाय बघायचे, मग पोट. उद्या नीघ, आणि मी सांगते त्या क्रमाने जा." मंगळवारी तसाच गेलो. पुढच्या हिवाळ्यात नव्याने आलेल्या चार-पाच जणांना मी तोच रस्ता सांगितला, तोच इथे लिहितो आहे. तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असाल तर स्टेशनांची नावं बदला, क्रम बदलू नका.

१. निघायचं कधी

बर्फ पडत असताना घराबाहेर पडू नका, हे कुणीही सांगेल. नव्या माणसाला कळत नाही ते हे, की खरा त्रास बर्फ थांबल्यावर सुरू होतो. महापालिकेची यंत्रं आधी मोठे रस्ते मोकळे करतात आणि गल्लीबोळांचा नंबर नंतर लागतो. यंत्र तुमच्या गल्लीत आलं की रस्त्यावरचा बर्फ ढकलून कडेला लावतं, म्हणजे बरोबर तुमच्या वाटेत एक बांध घालून जातं. तो बर्फ डंपरमध्ये भरून शहराबाहेर न्यायला कधी कधी आठवडे लागतात. २०२५ मध्ये तसंच झालं.

काकू अशा वेळी १९९९ ची गोष्ट काढतात. त्या जानेवारीत इतका बर्फ पडला की महापौर मेल लास्टमन यांनी चक्क सैन्य बोलावलं. बाकीचा कॅनडा त्यावरून टोरांटोची टिंगल आजही करतो. काकूंच्या मते टिंगल करणाऱ्यांनी त्या आठवड्यात दोन मुलं घेऊन दळण-किराणा करून दाखवावा.

तर बर्फ थांबल्यानंतरचा एक दिवस सोडा. सकाळी साडेदहाच्या आधी निघू नका, कारण तोवर ऑफिसची गर्दी आणि रखडलेल्या बस दोन्ही ओसरतात. परतायचं मात्र अंधार पडायच्या आत. फेब्रुवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दिवसा उन्हाने आणि मिठाने जे पाणी झालेलं असतं ते संध्याकाळी गोठतं आणि त्याचा पारदर्शक पापुद्रा होतो. खालचा काळा रस्ता दिसत राहतो, बर्फ दिसत नाही. माणसं पडतात ती बहुतेक यावरच.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा : आज सुट्टी तर नाही ना (माझ्यासारखं करू नका), टीटीसीच्या (शहराच्या बस-मेट्रो-ट्राम सेवेच्या) संकेतस्थळावर कुठला मार्ग बंद आहे, आणि हवामानाच्या अ‍ॅपमध्ये नुसतं तापमान नव्हे तर वाऱ्यासकट जाणवणारं तापमान. उणे ९ लिहिलेलं असतं आणि अंगाला उणे १८ लागतं.

२. बरोबर काय घ्यायचं

• माणशी एक प्रेस्टो (प्रवासाचं) कार्ड, किंवा टॅप होणारं डेबिट-क्रेडिट कार्ड. दोघांत एक चालत नाही.
• पाठीवरची मोठी सॅक. हातात पिशव्या नकोत, तोल सांभाळायला हात मोकळे लागतात.
• कोरड्या मोज्यांचे दोन जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून.
• रिकाम्या ब्रेडच्या दोन लांब पिशव्या. कशाला ते पुढे.
• एक जुना टॉवेल किंवा ओढणी. हेही पुढे.
• २५ सेंटचं नाणं किंवा लूनी. लूनी म्हणजे एक डॉलरचं नाणं, त्यावर लून नावाचा पाणपक्षी असतो. दोन डॉलरचं नाणं ते टूनी. स्वस्त किराणा दुकानांत ढकलगाडी साखळीला अडकवलेली असते, नाणं घातलं की सुटते आणि गाडी जागेवर लावली की नाणं परत मिळतं.
• पूर्ण चार्ज केलेला फोन, कोटाच्या आतल्या खिशात. बाहेरच्या खिशात ठेवलात तर थंडीने बॅटरी बघता बघता उतरते. माझा फोन ४० टक्क्यांवर असताना बंद पडला होता.
• कागदावर लिहिलेली यादी. हातमोजे काढून फोन चाळत बसणं दोनदा केलंत की कागदाचं महत्त्व कळेल.

इथल्या लोकांकडे दोन चाकांची तारेची गाडी दिसेल, तिला टोरांटोत बंडल बग्गी म्हणतात. एरवी फार सोयीची. वादळानंतर मात्र तिची बोटभर चाकं बर्फात रुततात आणि गाडी तुम्ही ओढण्याऐवजी गाडीच तुम्हाला ओढते. ती घरी ठेवा.

३. अंगावर काय घालायचं

एक जाड जॅकेट घातलं की झालं, हा गैरसमज विमानतळावरच सोडून द्या. थर लागतात : अंगालगत थर्मल, मधे लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, वरून वारा आणि पाणी अडवणारा कोट. अंगालगत सुती गंजी नको. ती घाम पिते आणि ओलीच राहते, मग ती ओल तुम्हाला गारठवते. कान झाकणारी लोकरी टोपी लागते, तिला इथे टूक म्हणतात. हातमोजे बोटांचे असण्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारे जास्त ऊब देतात.

दुकानात किंवा मेट्रोत शिरल्याबरोबर कोटाची चेन उघडा, टोपी काढा. आत २१-२२ अंश असतात. कोट तसाच ठेवून तासभर फिरलात तर घामाने भिजाल आणि तोच घाम घेऊन उणे दहात बाहेर पडाल. चष्मा असेल तर आत शिरताच त्यावर वाफ धरते. दारात दोन मिनिटं बाजूला उभं राहा, सगळेच राहतात.

अजून चांगले बूट नसतील तर आजच्यापुरता काकूंचा उपाय : पायात मोजा, मोज्यावर ब्रेडची पिशवी, मग बूट. पाऊल टाकलं की चुरचुर आवाज येतो आणि मेट्रोत लोक बघतात. बघू द्या, त्यांच्या आयांनीही त्यांना असंच शाळेत पाठवलेलं असतं.

४. घर ते स्टेशन

चालायचं कसं, तर शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या उतरतो तसं. आखूड पावलं, तळवा सपाट, भार पुढच्या पायावर, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. पुण्या-मुंबईची लांब ढांग इथे कामाची नाही.

रस्ता ओलांडताना सगळ्यात मोठा सापळा असतो तो फुटपाथ संपतो तिथे. पाणी वाहून जायची जाळी बर्फाने बुजलेली असते, त्यामुळे कोपऱ्यावर करड्या रंगाचा लगदा साचतो. वरून तो घट्ट दिसतो, पाय टाकला की घोट्याच्या वर जातो, आणि खाली बर्फाचं पाणी. आदल्या दिवशी मी तीन कोपरे ओलांडले आणि तिन्ही ठिकाणी फसलो. चार पावलं मागे जाऊन लोकांनी जिथून पायवाट पाडली आहे तिथून ओलांडा. उभं राहताना रस्त्यापासून लांब राहा. एकच बस त्या डबक्यातून गेली तर कोटाचा खालचा अर्धा भाग कामातून जातो.

बसच्या थांब्यावर ढिगारा असेल तर त्यावर चढून उभं राहू नका. जिथे ढिगाऱ्याला खिंड आहे तिथे थांबा, ड्रायव्हर तिथेच दार आणतो. चढावरचे काही थांबे अशा दिवसांत बंद ठेवतात, तेव्हा खांबावरची सूचना वाचा.

मेट्रोबद्दल एक लक्षात ठेवा : सगळी मेट्रो भुयारात नाही. लाइन २ वर व्हिक्टोरिया पार्क आणि वॉर्डन ही स्टेशनं उघड्यावर आहेत, लाइन १ चेही काही टप्पे उघड्यावर आहेत. वादळात पहिली रखडपट्टी तिथेच होते. आणि शहराच्या मध्यभागातल्या ट्राममध्ये, म्हणजे स्ट्रीटकारमध्ये, आज बसू नका. कडेला ढिगारे असल्याने लोक गाड्या रस्त्याच्या आत लावतात. एकाच गाडीचा आरसा रुळांच्या वाटेत आला की मागे दहा ट्राम उभ्या राहतात. बस वळून जाते, ट्राम कुठे जाणार?

५. पहिला मुक्काम : बूट

आधी पाय, मग पोट. म्हणून पहिल्यांदा बूट घ्यायचे, नव्या बुटांनीच पुढचा दिवस काढायचा.

मी व्हिक्टोरिया पार्कहून लाइन २ ने सरळ पश्चिमेला डफरिन स्टेशनला गेलो. तिथून पाच-सात मिनिटं दक्षिणेला चाललं की डफरिन मॉल. वॉलमार्ट, नो फ्रिल्स आणि कपड्या-बुटांची मध्यम भावाची दुकानं एकाच छपराखाली, म्हणून काकूंनी हा मॉल सुचवला. तुम्हाला मार्क्स किंवा विनर्सची शाखा जवळ असेल तर तिथे जा. वापरलेला पण धड माल हवा असेल तर व्हॅल्यू व्हिलेज आहे. कोट तिथला घ्यायला हरकत नाही, बूट मात्र नवेच घ्या. दुसऱ्याच्या पायाने झिजलेला तळवा बर्फावर घसरतो.

बूट घेताना मी केलेली पहिली चूक : डब्यावर 'वॉटर-रेझिस्टंट' लिहिलं होतं, तेवढ्यावर खूश झालो. दुकानातल्या मुलीनेच थांबवलं. त्याचा अर्थ चार थेंब उडाले तर चालतील, एवढाच. कोपऱ्यावरच्या त्या लगद्यासाठी 'वॉटरप्रूफ' हाच शब्द हवा. मग तिने बुटाची जीभ ओढून दाखवली. नाडीखालची ती जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी. सुटी असेल तर तळवा कितीही रबरी असो, पाणी तिथूनच आत येतं.

यापलीकडे बघायचं ते असं :

• उंची घोट्याच्या बरीच वर.
• तळवा मऊ रबराचा, खोल खाचांचा. नखाने दाबून बघा. टणक प्लॅस्टिकसारखा लागला तर थंडीत आणखी टणक होऊन घसरेल.
• आतलं नमद्याचं अस्तर बाहेर निघणारं असलं तर उत्तम, रात्री वेगळं वाळवता येतं.
• 'उणे २५', 'उणे ३२' असे आकडे लिहिलेले असतात. ते त्या त्या कंपनीचे स्वतःचे दावे. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

माप इथे अमेरिकी पद्धतीचं. आपल्याकडे पुरुषांचा ८ नंबर तो इथे साधारण ९, बायकांचा ५ नंबर तो साधारण ७. जाड मोजा घालूनच माप घ्या आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू द्या. घट्ट बुटात ऊब धरून ठेवायला हवा राहत नाही, रक्तही नीट फिरत नाही, आणि मग महागातला बूटही गार पडतो.

किंमत बघताना आपल्याला एमआरपीची सवय असते, सगळं धरून छापलेलं. इथे फळीवरच्या भावात कर धरलेला नसतो. ऑन्टारिओत १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, काउंटरवर चढतो, म्हणजे १२० डॉलरचे बूट १३५ डॉलर ६० सेंटला पडतात. लहान मुलांच्या कपड्यांना आणि बुटांना ५ टक्केच लागतो : ६० चे ६३. डाळ, तांदूळ, दूध, भाजी अशा मूळ किराण्यावर काही नाही. रोख दिलेत तर रक्कम जवळच्या पाच सेंटला जुळवतात, कारण एक सेंटचं नाणं २०१३ पासून वाटणं बंद झालं.

पैसे दिले की नवे बूट तिथेच घाला आणि जुने पिशवीत टाका. पावती पाकिटात ठेवा, बुटाच्या डब्यात नको. परत करायची वेळ आली तर पहिला प्रश्न पावतीचा असतो.

६. तिकिटाचं गणित

टीटीसीचं तिकीट मोठ्यांना कार्डाने ३ डॉलर ३० सेंट, आणि ते दोन तास चालतं. दोन तासांत कितीही वेळा चढा-उतरा, स्टेशनबाहेर जाऊन परत या, दिशा बदला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. अट एकच : दर वेळी तेच कार्ड टॅप करायचं. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं केलंत तर यंत्र तुम्हाला दोन माणसं समजतं, कार्ड आणि फोन एकाच खात्याचे असले तरी.

मी साडेदहाला टॅप केलं. बूट घेऊन डफरिनच्या फाटकावर परत आलो तेव्हा १२ वाजून २० मिनिटं झाली होती, त्यामुळे पुढचा प्रवास त्याच तिकिटात झाला. दुपारी तीन-सव्वातीनला दुसरं तिकीट लागलं आणि त्यात जेरार्ड रस्त्यावरचा भारतीय बाजार करून पाचच्या आत घरी. पूर्ण दिवसाचे ६ डॉलर ६० सेंट. शेजारच्या ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागा शहरातून येत असाल तर फेब्रुवारी २०२४ पासून एका सेवेतून दुसरीत बदलताना टीटीसीचं वेगळं तिकीट पडत नाही, तिथेही अट तीच : एकच कार्ड.

७. दुसरा मुक्काम : जमिनीखाली

डफरिनहून लाइन २ ने सेंट जॉर्ज, तिथे बदलून लाइन १ ने युनियन. हे करायचं ते बँक, सिमकार्ड, औषधं, चष्मा असली कामं असतील तर. नसतील तर हा मुक्काम गाळा आणि सरळ जेरार्डला जा.

युनियन स्टेशनपासून उत्तरेला ईटन सेंटरपर्यंत, आणि आजूबाजूच्या इमारतींच्या तळघरांतून, ३० किलोमीटरहून जास्त लांबीचं पायवाटांचं जाळं आहे. त्याचं नाव पाथ. दुकानं, बँका, दवाखाने, खाण्याची हॉटेलं, सगळं जमिनीखाली. वरती वारा कान कापत असतो आणि खाली माणसं नुसत्या शर्टात कॉफी घेऊन फिरत असतात.

इथे हरवणार आहात हे धरूनच चला. फोनवरचा निळा ठिपका खाली भरकटतो. फलकावर पीएटीएच ही चार अक्षरं असतात आणि प्रत्येकाचा रंग म्हणजे एक दिशा : लाल दक्षिण, नारिंगी पश्चिम, निळा उत्तर, पिवळा पूर्व. तरीही मी आपली जुनीच युक्ती वापरतो. तुळशीबागेत जसं आपण 'रामाच्या देवळापासून आत' असं धरतो, तसं इमारतींची नावं धरायची : रॉयल बँक प्लाझा, टीडी सेंटर, कॉमर्स कोर्ट, स्कोशिया प्लाझा. ती एकापाठोपाठ आली तर तुम्ही युनियनहून उत्तरेला सरकत आहात.

सापळा असा की हे जाळं ऑफिसच्या लोकांसाठी बांधलेलं आहे. संध्याकाळी सहाच्या आसपास बरीच दुकानं मिटतात आणि शनिवार-रविवारी निम्म्याहून जास्त ठिकाणी शुकशुकाट असतो. म्हणजे वादळ शुक्रवारी आलं आणि तुम्ही शनिवारी 'भुयारात खरेदी करू' म्हणून निघालात तर लांबच लांब, दिवे लावलेले, रिकामे बोळ बघून परत याल. ईटन सेंटर मात्र सुट्टीच्या दिवशीही बहुधा चालू असतं. जेवण इथेच उरका, दुपारी एकची ऑफिसची रांग टाळून दोननंतर.

वर रस्त्यावर यायचंच झालं तर उंच इमारतींच्या कडेने चालू नका. ऊन लागलं की वरून बर्फाचे तुकडे सुटतात. पिवळी फीत किंवा त्रिकोणी पाटी दिसली तर पलीकडून जा.

८. तिसरा मुक्काम : जेरार्डचा भारतीय बाजार

जड सामान शेवटी आणि घराजवळ. ईटन सेंटरला लागून असलेल्या क्वीन स्टेशनहून लाइन १ ने ब्लूर-यंग, तिथून लाइन २ ने पूर्वेला कॉक्सवेल, आणि स्टेशनाच्या आतूनच सुटणारी २२ नंबरची बस. अ‍ॅप तुम्हाला ५०६ ची ट्राम सुचवेल, पण ट्रामबद्दल वर सांगितलं आहेच.

उतरताना सावध. जेरार्ड रस्ता कॉक्सवेलला इथे तुटून दोनदा भेटतो : आधी अप्पर जेरार्ड, मग लोअर. दुसऱ्यावर उतरायचं आणि पश्चिमेला वळायचं. मी पहिल्यावर उतरलो आणि पाच मिनिटं साड्यांचं एकही दुकान दिसेना.

हा बाजार उभा राहिला एका सिनेमा थिएटरमुळे. १९७२ मध्ये ग्यान नाझ यांनी इथे नाझ थिएटर काढलं, हिंदी सिनेमे लावले. सिनेमाला आलेल्या गर्दीसाठी खाण्याची, मग किराण्याची, मग कपड्यांची दुकानं आली. आता भारतीय वस्ती ब्रॅम्प्टनकडे सरकली आहे आणि तिथली दुकानं याहून मोठी आहेत. पण गाडी नसलेल्या माणसाला, वादळानंतर, मेट्रो आणि एका बसने गाठता येणारा बाजार हाच.

माझी यादी महाशिवरात्रीची होती, २६ फेब्रुवारीला होती ती. साबुदाणा लगेच मिळाला. भगर मागितली तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. वरीचे तांदूळ म्हटलं, तरी नाही. शेवटी मागच्या बाईने विचारलं, "मोरैयो?" पाकीट हातात घेतलं तर तीच आपली भगर. बहुतेक माल गुजराती नावांनी येतो, तेव्हा 'मोरैयो' किंवा 'सामो' मागा. पोहे घेताना जाड की पातळ हे पारदर्शक पाकिटातून डोळ्यांनी बघून घ्या, नावावर जाऊ नका. ज्वारीचं पीठ मिळतं, पण पाकिटावरची तारीख बघा, जुनं असेल तर भाकरी थापताना कडा फाटतात. मेतकूट शोधण्यात वेळ घालवू नका, ते आईकडूनच मागवावं लागतं.

वादळानंतर ताज्या भाजीचे ट्रक उशिरा येतात, म्हणून गोठवलेल्या मालाच्या फ्रीजकडे वळा. खवलेलं ओलं खोबरं, मेथी, शेवग्याच्या शेंगा, तुरीचे दाणे. बाहेर उणे दहा असताना घरी जाईपर्यंत ते वितळत नाहीत, हा एक फायदा.

ताज्या पालेभाजीचं उलटं. मी कोथिंबिरीची जुडी सॅकच्या बाहेरच्या जाळीत खोचली, आपण मंडईतून येताना खोचतो तशी. वीस मिनिटं बसची वाट पाहिली. घरी पोचेपर्यंत पानं काचेसारखी कडक झाली होती, आणि स्वयंपाकघराच्या उबेत पाच मिनिटांत काळपट, लिबलिबीत होऊन ओट्यावर पसरली, जणू कुणी उकळत्या पाण्यातून काढली. कढीपत्ता, कोथिंबीर, केळी, टोमॅटो थंडी सोसत नाहीत. टॉवेल आणायला सांगितला तो यासाठी : पालेभाजी आणि केळी त्यात गुंडाळा आणि सॅकच्या मधोमध, पाठीला लागून ठेवा. तळाला तांदूळ-डाळ, बाजूंना गोठवलेली पाकिटं, पण ती भाजीला चिकटून नकोत.

तांदूळ किती? आज पाच किलोच. दहा किलोचं पोतं स्वस्त पडतं, पण ते खांद्यावर घेऊन त्या कोपऱ्यावरच्या लगद्यातून जायचं आहे हे आठवा. दूध-ब्रेड घराजवळच्या दुकानातून घ्या. वादळाच्या आदल्या दिवशी या दोनच फळ्या रिकाम्या होतात, दोन दिवसांनी भरतात. ऑन्टारिओत दूध पिशवीत मिळतं : चार लिटरच्या मोठ्या पिशवीत तीन लहान पिशव्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरची आठवण आली. फक्त ही पिशवी तशीच भांड्यात उभी ठेवून कोपरा कापतात आणि रोज तीच ओततात, पातेल्यात काढून तापवत नाहीत. आमच्याकडे अजून तापवतात.

९. फावडं आणि मीठ

बेसमेंटमध्ये भाड्याने राहत असाल तर सामाईक वाटेवरचा बर्फ काढणं घरमालकाचं काम आहे. फावडं विकत घेण्याआधी त्याला विचारा. पायरीपुरतं मीठ मात्र घरात ठेवा. साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही, त्याखाली कॅल्शियम क्लोराइड असलेलं लागतं. पिशवीवर किती अंशांपर्यंत चालतं ते छापलेलं असतं. मूठभर पुरे, अक्षता टाकल्यासारखं पसरून टाका, ढीग नको.

१०. घरी आल्यावर

दारातच बूट काढा. कुणाच्या घरी गेलात तरी हेच, या बाबतीत कॅनडा आणि आपण सारखे. बुटांखाली कड असलेला ट्रे ठेवा, बर्फ वितळून त्यात पाणी जमतं. आतलं अस्तर काढून वेगळं वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, आणि हीटरवर ठेवायचा मोह आवरा. तापल्याने डिंक सुटतो आणि वॉटरप्रूफपणा तिथेच संपतो.

बूट वाळले की त्यावर पांढऱ्या लाटांच्या रेषा उमटलेल्या दिसतील. ते रस्त्यावरचं मीठ. नुसत्या पाण्याने पुसलं तर वाळल्यावर परत वर येतं. व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडक्याने पुसा, चामड्याचे असतील तर त्याच दिवशी पुसा.

ब्रेडच्या पिशव्या धुऊन दोरीवर टाका. मी त्या दिवशी फेकून दिल्या होत्या, नवे बूट आले म्हणून. दोन दिवसांनी काकूंकडे त्यांचा भाचा आला, पुण्याहून थेट, पायात कॅनव्हासचे बूट. काकूंनी वरून हाक मारली, "अरे, त्या पिशव्या आहेत का रे?"